ह्यांची स्क्रिप्ट आणि दादाच्या सीडी

आमचे हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. निवृत्त झाल्यावर घरात दुरुस्त करण्यासारखी मी एकटीच उरले, म्हणून मीच त्यांना एक काम काढून दिलं. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, सीडी खराब व्हायला लागल्या होत्या. दादा व्हायोलिन शिकवायचा. आम्ही लांब राहायला आलो तेव्हा त्यानं माझ्यासाठी त्या करून पाठवल्या. तो एक ओळ वाजवायचा, मग गप्प राहायचा, आणि तेवढ्यात मी तीच ओळ वाजवायची. पण स्वभाव भारी घाईचा! माझी ओळ संपायच्या आत ह्याची पुढची सुरू. दादा गेला तरी माझा रियाज तसाच चालू राहिला. त्या सीडी गेल्या असत्या तर दादा दुसऱ्यांदा गेला असता.

हे म्हणाले, एकेक सीडी हातानं कॉम्प्युटरवर कोण घेत बसणार, स्क्रिप्टच लिहितो. म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची एक फाइल. सीडी घातली की त्यानं ती वाचायची, तिच्या फाइली करायच्या आणि ट्रे बाहेर काढायचा. व्हिडिओ बघत, दोन बोटांनी टाइप करत हे शिकले. पहिल्यांदा गाडी अडली ती फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेवर. मशीन पहिल्या शब्दालाच पूर्ण नाव समजून बसलं. ह्यांनी घर डोक्यावर घेतलं, आणि तेव्हापासून रिकाम्या जागेशी जणू उभा दावाच मांडला. पुढे ट्रे आपोआप बाहेर आला तेव्हा स्वारी अशी खूश, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

सगळ्या सीडी झाल्यावर मी व्हायोलिन घेऊन बसले. दादाची ओळ संपली आणि लगेच दुसरी, लगेच तिसरी. दादा घाईचा खरा, पण इतका? ह्यांना विचारलं तर मोठ्या कौतुकानं म्हणाले, मध्ये मध्ये नुसतीच शांतता होती, ती गाळायचा हुकूम स्क्रिप्टमध्ये घातला, केवढी जागा वाचली बघ! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.



"तुम्ही दादाला ठेवलंत," मी म्हणाले, "आणि मला काढून टाकलंत."

ह्यांनी लगेच स्क्रिप्ट उघडली. तो हुकूम खोडला आणि सगळ्या सीडी पुन्हा घातल्या. एक सोडून बाकीच्या वाचल्या गेल्या. दादानं पाठवलेली शेवटची मात्र नुसती घरघरत राहिली. पुसून पाहिली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली, नाही म्हणजे नाही. तिची पहिल्या वेळची, शांतता गाळलेली फाइल तेवढी हाती उरली. मी रडले, ह्यांना नको नको ते बोलले. हे त्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली, त्या फाइलमधली दादाची एक ओळ लावली आणि थांबवली.

"वाजव," म्हणाले. "तू जेवढा वेळ घेशील, तेवढी शांतता मी तिथं घालतो."

मी वाजवलं. बोटं आता आखडतात, एकेका ओळीला वेळ लागतो. हे मान खाली घालून मोजत होते, एकदाही घाई केली नाही. ओळीमागून ओळ करत आम्ही ती अख्खी सीडी भरून काढली.

परवा तिच्यावर रियाज केला. माझी ओळ पुरती संपली, शेवटचा सूर विरला, तरी पलीकडे अजून गप्पच. जन्मात पहिल्यांदा दादा माझ्यासाठी थांबला होता.