तज्ज्ञ कुणाला म्हणायचं

सकाळी लॅपटॉप उघडला तर आठवड्यापूर्वी लिहिलेल्या माझ्या लेखाच्या माथ्यावर एक पिवळी चौकट होती. ‘या लेखाच्या विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. लेख काढून टाकण्याबाबत चर्चा सुरू आहे.’ मी ते दोनदा वाचलं.

मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून वेळ जाईना, म्हणून या ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला लागले. त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, अशी पद्धत. सुरुवातीला मी नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारायचे. मग देवळं, किल्ले, बंद पडलेली मासिकं यांवर लेख लिहिले. एकदा एका संस्थानिकाच्या हत्तीवरही लिहिलं. हत्ती उल्लेखनीय आहे का, असं मला कुणी विचारलं नाही.

आणि आता ज्यांच्यावर लिहिलं, त्या बाईंबद्दल मात्र विचारलं.

त्या अकोले तालुक्यातल्या, डोंगरातल्या एका ठाकर वस्तीवर राहतात. माझ्याच वयाच्या. जंगलावर आदिवासी गावांचा हक्क कसा मागायचा, दाव्याला कोणता पुरावा लागतो, दावा फेटाळला तर पुढे काय करायचं, हे त्यांच्याइतकं जाणणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मी नोकरीत असताना त्या एकदा आमच्या कॉलेजात बोलायला आल्या होत्या. भाषण केलंच नाही. टेबलावर सरकारी नकाशा पसरला आणि त्यातला एक ओढा डोंगराच्या चुकीच्या अंगाला काढलाय, हे बोटानं दाखवलं. त्या एका ओढ्यापायी एका गावाचा दावा कसा अडकला आणि तो त्यांनी कसा सोडवला, हे ऐकताना आमचे भूगोलाचे प्राध्यापक वही काढून लिहून घेत होते.

चर्चेच्या पानावर मी हे सगळं लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. कुठल्याशा मोठ्या शहरातले, टोपणनावानं लिहिणारे एक संपादक होते. “आपल्या भावना समजू शकतो. परंतु ज्ञानकोश भावनेवर चालत नाही. स्वतंत्र, विश्वसनीय, प्रकाशित संदर्भ द्यावेत. तोपर्यंत ‘तज्ज्ञ’ हा शब्द काढून ‘स्थानिक कार्यकर्त्या’ असा बदल केला आहे.”

भावना! जन्मभर मी पोरांना संदर्भ शोधायला शिकवलं, आणि हे मला भावना सांगत होते. रिक्षा केली आणि जिल्ह्याच्या वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मागितल्या.

चार दिवस धूळ खाल्ली. त्या सापडल्या, नाही असं नाही. एका फोटोत त्या मधोमध उभ्या आहेत, हातात नकाशाची गुंडाळी. खाली ओळ अशी : ‘डावीकडून’ म्हणून पाच साहेबांची हुद्द्यांसकट नावं, आणि शेवटी ‘व आदिवासी महिला’. दुसऱ्या बातमीत त्यांचं अख्खं म्हणणं छापलंय, पण ते ‘एका ग्रामस्थ महिलेने सांगितले’ म्हणून. तिसरीत त्यांचं गाव आहे, त्या नाहीत.

मग एका अभ्यासकाचं पुस्तक हाती लागलं. त्यातलं वनहक्कांवरचं एक प्रकरण वाचताना मी खुर्चीत ताठ बसले. तो ओढा, तो नकाशा, दाव्याला जोडलेल्या म्हाताऱ्यांच्या जबान्या, सगळं जसंच्या तसं होतं. बाईंचं नाव शोधलं. प्रस्तावनेच्या शेवटी ‘सहकार्य करणाऱ्या सर्व ग्रामस्थांचे आभार’, एवढंच. घरी येऊन ज्ञानकोशात बघितलं, तर या गृहस्थांवर ऐसपैस लेख होता. पहिलीच ओळ : ‘हे आदिवासी हक्कांचे तज्ज्ञ आहेत.’ तिथे कुणी संदर्भ मागितलेला नव्हता.

एवढा संताप मला क्वचितच आला असेल. त्यांचं ज्ञान घेऊन हा तज्ज्ञ झाला आणि त्या उल्लेखनीयसुद्धा नाहीत! दुसऱ्या दिवशी लेखाची छापील प्रत पिशवीत टाकली आणि अकोल्याची एसटी धरली. पुढे जीपनं वस्तीपर्यंत गेले.

भाताची झोडणी चालली होती. बाई खळ्यावर होत्या. मला पाहून त्यांनी पदरानं तोंड पुसलं, सुनेला कोरा चहा टाकायला सांगितलं आणि पेंढ्यावर बसायला जागा केली. मी एका दमात सगळं सांगितलं, पुस्तकाचंही. त्यांचा चेहरा हलला नाही.

“वाचा तरी, काय लिव्हलंय माझ्यावर,” त्या म्हणाल्या.

मी लेख वाचायला लागले. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्याच्या सुरुवातीला त्यांनी हात वर केला.

“थांबा. काय म्हनला? परत वाचा.”

“‘औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी आपल्या उपजत बुद्धीने...’”

“कोन म्हनलं मला शिक्षन न्हाई?”

“शाळा चौथीपर्यंतच झाली ना, ताई? तुम्हीच त्या दिवशी कॉलेजात...”

“शाळा चौथीपर्यंत. शिकले त्याच्या फुडं.” त्यांचा आवाज चढला. सून चहाचे कप घेऊन दारातच थांबली. “माझा बाप मला डोंगरात घिऊन फिरला, लई वर्सं. कोनत्या झऱ्याला कवा पानी, कोनत्या देवाची हद्द कुठवर, समदं पाठ करून घेतलं. चुकले तर पुन्यांदा चालवायचा. त्याच्यामागनं कायदा शिकले. एका वकीलबाईकडं बसून, एकेक कलम. नकाशा वाचाया मोजनीवाल्याकडं शिकले. ते न्हाई का शिक्षन? उपजत म्हंजी काय? मी काय आईच्या पोटातनं कलमं पाठ करून आले?”

त्या शहरातल्या संपादकावर मी आठवडाभर दातओठ खात होते, आणि ‘उपजत बुद्धी’ मीच लिहिली होती. कौतुक म्हणून लिहिली होती, हे जास्त वाईट.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. पेन काढून ती ओळ तिथेच खोडली.

“तिथं बापाचं लिवा. वकीलबाईचं लिवा. मोजनीवाल्याचं बी.”

“लिहिते. पण ताई, मुळात हा लेख राहायला हवा का तुम्हाला? नको असेल तर मी भांडत नाही.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “मला काय करायचंय त्याचं? पन आमच्या पोरी दाव्याचे कागद घिऊन कचेरीत जात्यात, आन माझं नाव सांगत्यात. सायेब लगेच मोबाईलात बघतो, ही बाई कोन म्हनून. तिथं काय न्हाई घावलं तर पोरींला दारात उभं करतो. म्हनून पायजे. आन ‘तज्ज्ञ’ बी पायजे. त्यो पुस्तकवाला म्हैनाभर माझ्याच घरात बसून लिवून घेत हुता. त्यो तज्ज्ञ, तर मंग मी त्याची कोन? मास्तरीन तरी?”

हे बोलून त्या आत गेल्या आणि पत्र्याची पेटी ओढत बाहेर घेऊन आल्या. ग्रामसभेचे ठराव, निमंत्रणपत्रं, नकाशांच्या प्रती. निमंत्रणांत ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ असं स्पष्ट लिहिलेलं. पण ज्ञानकोशाला खासगी पत्रं चालत नाहीत. मी एकेक कागद बाजूला ठेवत गेले. तळाशी एक पुस्तिका निघाली. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एका सरकारी संस्थेनं छापलेली. आतल्या पानावर पाठलेखकांची नावं होती, आणि तिसरं नाव त्यांचं. सोबत एका परिसंवादाचा छापील ग्रंथ. त्यात एका दुसऱ्या अभ्यासक बाईंनी प्रामाणिकपणे, नावानिशी, आपण हे कुणाकडून शिकलो ते पानभर लिहिलं होतं. ताई कुणाकुणाकडे शिकल्या आणि ओढ्याचा तो दावा त्यांनीच कसा सोडवला, हेही त्यात होतं.

“ताई, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इच्यारलं का? तुमी मला न इच्यारताच लिव्हलं.”

तेही खरंच होतं.

परतल्यावर मी लेख नव्यानं लिहिला. बाप, वकीलबाई, मोजणीवाला, सगळे आले. दोन्ही संदर्भ पानांच्या क्रमांकांसह दिले. चर्चेत त्या संपादकांना एकच प्रश्न विचारला : अमुक गृहस्थांच्या लेखात पहिल्याच ओळीत ‘तज्ज्ञ’ आहे, त्याचा संदर्भ कुठला? तो लेख आपणच तपासल्याचं पानाच्या इतिहासात दिसतं.

तीन दिवस उत्तर नाही. मग पिवळी चौकट गेली. ‘लेख ठेवावा’ एवढाच शेरा होता. ‘तज्ज्ञ’ हा शब्द मी पुन्हा घातला, तो कुणी काढला नाही. माफी मात्र कुणी मागितली नाही. अभ्यासकाच्या लेखात मी एक वाक्य घातलं : त्यांच्या पुस्तकातील वनहक्कांवरच्या प्रकरणातील माहिती अमुक बाईंच्या क्षेत्रकार्यावर आधारित आहे. सोबत त्या परिसंवाद ग्रंथाचा संदर्भ. ते वाक्य दोनदा उडवलं गेलं. दोन्ही वेळा मी परत लिहिलं. आजच्या घडीला ते आहे. उद्याचं सांगता येत नाही, म्हणून मी रोज सकाळी बघते.

बाईंना फोन करून लेख राहिल्याचं कळवलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता आमच्या गावाचं पान हाय ना त्यात, ते उघडा. पोरींनी वाचून दावलं काल. आमच्या डोंगराचं नाव चुकीचं लिव्हलंय. आन म्हनं हितले लोक ‘साधेभोळे’ हायत. कोन लिवतं हे?”

मी पान उघडलं. होतं खरं.

“सांगा,” मी म्हणाले, “डोंगरापासून सुरू करू.”