पहिल्याची गाठ आठव्याशी

दोन हजार तेरा साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि जेद्दामध्ये, अल अझीझियातल्या एका लहानशा इंडियन शाळेत मैदानाचं काम करत होतो. चुना मारायचा, जाळ्या बांधायच्या, झेंडे रोवायचे.

पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं, मोठ्या कागदाची मधोमध घडी घालायची, ती नखाने दाबायची आणि म्हणायचं, "कागदाला पावणं-रावळं नसतंय, चाचा." असा एक माणूस मी त्या शाळेत पाहिला. पीटीचे सर. कोल्हापूरचे. नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. मी स्वतः बाणकोटच्या खाडीकाठचा, शिक्षण चौथी. हे मी माझ्या हाताने लिहितोय. चुकलं असेल तर चुकलं, कुणाकडून दुरुस्त करून घेणार नाही.

जेद्दातल्या दहा शाळांची फुटबॉलची स्पर्धा दर वर्षी थंडीच्या तोंडावर व्हायची. मोठी पोरं, नववी ते बारावीची. आधी सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, मग वरच्या आठ शाळा बाद फेरीत. कोण कोणाशी खेळणार तो कागद सर बनवायचे. तुम्ही सामने बघायला जाता तेव्हा तो कागद भिंतीवर चिकटवलेला असतो आणि तुम्ही आपल्या शाळेचं नाव शोधून निघून जाता. मी तो बनताना पाहिलाय, सात वर्षं, पिंगपाँगच्या टेबलावर.

पहिल्या वर्षी मी भांडलो. सरांनी पहिल्या नंबरची शाळा आठव्या नंबरशी लावली, दुसरी सातव्याशी, तिसरी सहाव्याशी. मी म्हटलं, "बळकटासमोर दुबळा? हा कसला इन्साफ? आमच्या खाडीत होड्यांची शर्यत लागते तेव्हा आम्ही जोडीला जोड लावतो."

सरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "चाचा, दीड महिना ज्यानं घाम गाळलाय त्याला सोपं पान वाढायचं. आठव्यानं कमी गाळला, त्याला घास मोठा. न्हाईतर लीगमध्ये कोण जिवावर खेळंल?"

"आणि पहिला-दुसरा?"

"ते घडीच्या दोन अंगाला. फायनलपर्यंत तोंड बघायचं न्हाई एकमेकांचं. सख्ख्या जावा."

मला ते पटलं नाही. पुढच्या वर्षी पटलं, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

दोन शाळांचे गुण सारखे झाले की सरांचा चेहरा खुलायचा. आधी त्या दोघींच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं ते बघायचं. तिथे बरोबरी असेल तर घातलेले गोल वजा खाल्लेले गोल. तेही सारखं निघालं तर कार्डं मोजायची, पिवळ्याला एक, लालला तीन, ज्याची बेरीज कमी तो वर. आणि तिथेही सारखं असेल तर नाणं उडवायचं. सर म्हणायचे, "नाण्यापर्यंत गेलं तर आपली लाज हाय, चाचा. म्हंजे आपण नीट बघितलं न्हाई."

एवढा कडकपणा कुठून आला ते त्यांनी एकदा सांगितलं. त्यांचे वडील कोल्हापुरात सामने खेळवायचे. तिथे पेठापेठांची फुटबॉल म्हणजे सोयरीक मोडण्यापर्यंत मजल. एका वर्षी वडिलांनी मेव्हण्याच्या पेठेला सोपी जोडी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल रंकाळ्यात सापडली. "सायकल निघाली," सर म्हणाले, "पण बाबा पुन्हा मैदानावर गेलं न्हाईत."

हे सर इकाम्यावर प्लंबर होते. तिथला प्रत्येक परदेशी माणूस ज्या कार्डावर राहतो तो इकामा, आणि त्यावर धंदा लिहिलेला असतो. सरांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर ते देशात होते तो अरब, खमीस मुशैतला. सरांनी त्याला दोनदाच पाहिलं होतं. शाळेचा नळ गळायला लागला की सर मला हाक मारायचे, "चाचा, या. सरकारच्या हिशेबानं मला हे काम येतंय." मी वॉशर बदलायचो आणि ते बाजूला उभे राहून बॅटरी धरायचे.

दोन हजार तेरा साली हे हसू संपलं.

सरकारचा हुकूम निघाला होता. दुकानांत, कंपन्यांत सौदी माणसं ठेवा. बाहेरच्यांनी आपल्याच कफिलाकडे आणि आपल्या इकाम्यावर लिहिलेलंच काम करा, नाहीतर मुदतीच्या आत कागद दुरुस्त करा किंवा देश सोडा. मुदत एकदा वाढवून झाली होती. आता पुन्हा वाढणार नाही म्हणत होते. शाळेसमोरचा मलबारी बकालावाला, म्हणजे किराणावाला, अर्धं शटर खाली ओढून दूध विकायचा. न्हाव्याने खुर्च्या विकल्या. एका सोमवारी चार शिक्षिका शिकवायला आल्याच नाहीत, कारण त्यांचे इकामे नवऱ्यांच्या नावावर होते. दोन वर्ग एकात बसवले. कोपऱ्यावर एखादी पांढरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी असायची. आत कोण आहे ते कोणी वाकून बघायचं नाही.

मैदानावरही ते कळायचं. दर शुक्रवारी एखाद्या शाळेचा एखादा पोर कमी. दुसऱ्या नंबरच्या शाळेचा गोलकीपर दोन सामन्यांच्या मधे घरच्यांबरोबर हैदराबादला निघून गेला. जर्सी सुतळीने बांधून माझ्याकडे देऊन गेला.

सरांचा कफील फोन उचलेनासा झाला. तो रागावून "हा पळाला" अशी नोंद करेल ही भीती. तशी नोंद झाली की आधी कोठडी, मग परत पाठवणी आणि पुन्हा यायचं नाव नाही. घरी बायको, मुलगी तिसरीत. सरांनी दोन कागद तयार ठेवले होते, एक राहण्याचा, एक जाण्याचा. जाण्याचा कागद वकिलातीतून पुढे गेला होता. राहण्याचा कागद स्पर्धेच्या अध्यक्षांच्या टेबलावर होता.

अध्यक्ष माझ्याच तालुक्यातले. मोठे ठेकेदार, बोलणं गोड. मला या देशात त्यांच्या वडिलांनी आणलं. त्यांचा सौदी भागीदार सरांना आपल्या नावावर घेणार होता. सही तेवढी बाकी होती. मुदतीला नऊ दिवस उरले होते.

अध्यक्षांचा मुलगा दुसऱ्या एका शाळेचा कप्तान. त्या शाळेचे आणि आणखी एका शाळेचे गुण सारखे. आपसातला सामना बरोबरीत, गोलांचा फरकही सारखा. म्हणजे सातवा कोण आणि आठवा कोण ते कार्डांवर आलं. आठव्याला पहिल्या नंबरशी खेळायचं होतं, आणि ती शाळा समोर येईल त्याला पाच-सहा गोल घालत होती. सातव्याला दुसऱ्याशी, ज्यांच्याकडे गोलकीपर उरला नव्हता. गुण सारखे असलेल्या त्या शाळेची दोन पिवळी होती. कप्तानाच्या शाळेचं एक लाल, तेही कप्तानालाच, म्हणजे पुढच्या सामन्यात तो बाहेर.

ते लाल कार्ड फार जणांनी पाहिलं नव्हतं. शेवटची शिट्टी झाली, पोरं गाड्यांकडे निघाली, तेव्हा त्या मुलाने रेफरीजवळ जाऊन काहीतरी म्हटलं आणि त्याच्या बुटावर थुंकला. रेफरी सुदानी, उंच, शांत माणूस. त्याने खिशातून लाल कार्ड काढलं, दाखवलं, परत ठेवलं. मी दहा पावलांवर कोपऱ्याचा झेंडा उपटत होतो. दोन दिवसांनी रेफरी एक्झिट, म्हणजे देश सोडायचा शिक्का, घेऊन खार्तुमला गेला. त्याच्या चिठ्ठीवर कार्ड लिहिलेलं होतं, पण खाली सही नव्हती.

रविवारी असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर कमिटी बसणार होती. त्याआधी सर माझ्या खोलीवर आले. मी चहा टाकला.

"चिठ्ठीला सही न्हाई," सर म्हणाले. "कमिटी म्हणती, मैदानावरच्या माणसाला विचारू."

"म्हणजे मला."

"व्हय."

मी म्हटलं, "सर, माझी नजर म्हातारी झाली. मला दिसलं नाही म्हणतो. तुमच्या कागदावर सही होऊन जाईल."

सरांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. ते माझ्या चपलांकडे बघत होते. मग म्हणाले, "मला विचारू नका, चाचा."

नको असंही म्हणाले नाहीत, हो असंही नाही. तुम्ही वाचणारी माणसं आहात, तुम्ही सांगा त्यांना काय हवं होतं. मला तेव्हा समजलं होतं. मी ठरवलं होतं, नाही पाहिलं म्हणायचं.

कमिटीत सहा जण. अध्यक्ष मधे बसले होते. सर पिंगपाँगच्या टेबलापाशी उभे, कागद समोर, घडी घातलेला, चौकटी रिकाम्या.

अध्यक्ष म्हणाले, "एका बिनसहीच्या चिठ्ठीवर पोराचं नुकसान कशाला करायचं? तरी आपण चाचाला विचारू. चाचा आपला माणूस. अडाणी आहे, त्याला कार्डाबिर्डातलं काय कळणार, पण खोटं बोलायचा नाही."

दोघेतिघे हसले. अध्यक्षांनी वाईट मनाने म्हटलं नसेल. मी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून या वाळूवर रेघा मारतोय. रंग मला कळतात, नियमही कळतात. सातव्या वर्षी तर सरांच्या आधी मी बेरीज सांगायचो.

"लाल," मी म्हटलं. "शिट्टीनंतर. तो रेफरीच्या बुटावर थुंकला. उजव्या."

अध्यक्षांनी चिठ्ठी उचलून पाहिली, परत ठेवली.

अध्यक्षांनी मान हलवली. "ठीक आहे. मास्तर, लिहा."

सरांनी पेन्सिल जिभेला लावली आणि कप्तानाच्या शाळेचं नाव पहिल्यासमोर लिहिलं. कागद भिंतीला लावला. निघताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी सगळे बरे आहेत का विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत.

मी खरं बोललो होतो. पण ते खऱ्यासाठी बोललो नव्हतो, मला अडाणी म्हटलं म्हणून बोललो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी सर अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. साहेब बाहेर आहेत, असं सांगितलं. मंगळवारी सांगितलं, भागीदाराने परदेशी माणसांची संख्या भरली, आता जागा नाही. कागद परत दिला. सहीची जागा कोरी होती, कागदावर चहाचा डागही नव्हता. बुधवारी सरांनी देश सोडण्यासाठी बोटांचे ठसे दिले आणि गुरुवारच्या विमानाची तिकिटं काढली.

गुरुवारी दुपारी मी त्यांच्या बिल्डिंगखाली गेलो. तीन बॅगा, एक गुंडाळलेली गादी. गादी कशाला नेताय, मी विचारलं. "ही म्हणती तिला हीच लागती," सर म्हणाले. त्यांची बायको टॅक्सीत जाऊन बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कमिटीत काय झालं ते तिला कोणीतरी सांगितलं असणार. मुलगी मला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. तिला शाळेचं नवीन दप्तर इथेच ठेवायला लागलं, असं सरांनी मला मराठीत सांगितलं.

मी म्हटलं, "सर, माझ्यामुळे..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "उद्याचा पहिला सामना किती वाजता, चाचा?"

वेळापत्रक त्यांनीच बनवलं होतं. तरी मी सांगितलं, "साडेसहा."

"उन्हाच्या आत संपवा," ते म्हणाले आणि टॅक्सीत बसले. माझ्या हातात हात दिला नाही. विसरले असतील, किंवा नसतील विसरले. टॅक्सी कोपऱ्यावरच्या पांढऱ्या गाडीजवळून गेली आणि गेलीच.

त्यानंतर मला सरांचा ना फोन, ना पत्र. कोल्हापुरात शोधलं असतं तर सापडले असते. मी शोधलं नाही.

त्याच दिवशी असरनंतर मी शाळेत गेलो तर भिंतीवर वेगळा कागद होता. कॉम्प्युटरवर काढलेला, अक्षरं सुबक, मधे घडी नाही. अध्यक्षांच्या मुलाची शाळा सातवी, गाठ दुसऱ्या नंबरशी. बिनसहीची चिठ्ठी धरली नाही, असं खाली इंग्रजीत लिहिलं होतं. क्लार्कने मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "चाचा, खलास. आता बोलू नका. तुमचा इकामा नीट आहे, तो नीट राहू द्या." मी घरी येताना ठरवलं, उद्या चुना मारायचा नाही. रेघांवाचून खेळू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजरची नमाज पढून मी मैदानावर गेलो, दोरी ताणली आणि चुना मारला. चारी बाजू, मधलं वर्तुळ, गोलांसमोरच्या दोन्ही डब्या. अध्यक्षांचा मुलगा लवकर आला होता, एकटाच धावत होता. जवळून जाताना त्याने सलाम केला. मी जवाब दिला, वाकलो आणि पेनल्टीचा ठिपका टाकला.