फिजिक्सच्या तासाला मिस कॉल

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे अर्जुनी ते गोंदिया रस्त्यावर एसटीनेही दिले नसतील. मी मराठी शिकवायचो. अकरा वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून शेजारी राहिलो. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात कायम खडू, त्यामुळे धुऊन आलेले कपडेही पांढुरके. प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना कुणाशी बोलताच येत नसे. बाजारात वांगी घेताना ते भाजीवालीला विचारत, तराजूचा काटा नेमका मधेच काऊन थांबतो. ती म्हणे, "वांगे घ्याचे हायेत का नाही, गुरुजी?" न्हाव्याने तर त्यांना बजावून ठेवलं होतं की वस्तरा कानाजवळ असताना काही विचारायचं नाही.

वर्गात मात्र त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळे, 'हो सर'. आसपासच्या गावांतून आलेली धान-शेतकऱ्यांची मुलं, गुरुजींना नाही म्हणायचं नसतं एवढंच शिकून आलेली. एक दिवस सरांनी मुद्दाम फळ्यावर गणित उलटं मांडलं. शेवटी दगड पाण्यावर तरंगतो असं निघालं. समजलं का, असं त्यांनी विचारलं. सगळा वर्ग हो म्हणाला, आणि तरंगता दगड वहीत उतरवूनही घेतला. सर स्टाफरूममध्ये येऊन बसले ते समोरच्या चहावर साय धरेपर्यंत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीले शिकवून राहिलो होतो."

तेव्हा बटणांचे साधे मोबाईल गावोगाव नुकते पोचले होते, आणि आमच्या फाटकावर 'मोबाईल आणण्यास सक्त मनाई' अशी ताजी पाटी होती. त्या पाटीखालून रोज येणाऱ्या सरांनी वर्गाला सांगितलं, की ज्याच्या घरी फोन असेल त्याने उद्यापासून तो घेऊन यावा. स्टाफरूममध्ये कुणाचा विश्वास बसेना. सरांनी टेबलावर दोन फोन मांडले, एक स्वतःचा, दुसरा बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा. फळ्यावर एक प्रश्न आणि त्याची दोन उत्तरं. पहिलं बरोबर वाटलं तर या फोनवर मिस कॉल, दुसरं वाटलं तर त्यावर. नाव कुणी सांगायचं नाही. अडचण एवढीच, की रेंज फक्त पूर्वेच्या खिडक्यांपाशी यायची. त्यामुळे प्राचार्य फेरीवर आले तेव्हा अख्खा वर्ग खिडक्यांतून हात बाहेर काढून उभा होता, आणि सर मान खाली घालून दोन वाजत्या फोनांकडे टक लावून बसले होते.

"सर, हे काय होऊन राहिलं?" प्राचार्यांनी दारातूनच विचारलं.

"परीक्षा चालू आहे, सर," सर म्हणाले. "माझी."

प्राचार्य दारातूनच परत गेले आणि आपल्या खोलीत पंखा लावून बसले. फोन बहुतेक मुलांच्या वडिलांचे होते, त्यामुळे भलतेच फोनही येत. एकदा तासाला गोंदियाच्या राइस मिलमधून विचारणा आली, 'धान कब ला रहे हो?' सरांनी तो फोन घेतला, मुलाला विचारून दिवस सांगितला, आणि गुरुत्वाकर्षण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं.

मग त्यांनी सांगितलं की न समजलेलं मेसेजवर लिहा. आणि एका दुपारी एक मेसेज आला. संध्याकाळी सरांनी फोन माझ्या हातात दिला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: 'सर, फळ्यावरचं मला काहीच दिसत नाही. पहिल्या वर्षापासून. शेजारणीच्या वहीतून उतरवते.'

कोण, हे सरांनी वर्गात विचारलं नाही. त्या नंबरवर वहिनींनी फोन केला. मुलगी अंतिम वर्षाची होती. तिचे डोळे तपासून घ्यायला आईच तयार नव्हती. वहिनी थेट तिच्या घरी गेल्या. आई म्हणाली, "चष्मा लागला त पोरीले कोन करन?"

वहिनी म्हणाल्या, "आधी तिले पोरगा दिसू त द्या."

आईला हसू फुटलं, आणि शनिवारी तिघी गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. चष्मा जाड निघाला.

तो घालून ती कॉलेजात आली तेव्हा मी तिला ओळखलं, आणि व्हरांड्यातच उभा राहिलो. पहिल्या वर्षी माझ्या तासाला मी तिला फळ्यावरची कविता वाचायला सांगितलं होतं. ती मुकाट उभी राहिली. दोनदा सांगून पाहिलं, आणि मग सगळ्यांदेखत तिला हट्टी म्हणून मोकळा झालो. सरांनी दिलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सर्वांत मोठा, आणि तो त्यांनी दिला हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

पुढे पालकांच्या तक्रारी आल्या, की पोरं घरचा फोन पळवतात. संस्थेने बंद करा म्हटलं. सरांनी वाद घातला नाही. दोन्ही फोन पिशवीत टाकले आणि नेहमीसारखं शिकवलं. तासाच्या शेवटी त्यांनी समजलं का विचारलं, तेव्हा नेहमीचं 'हो सर' आलं नाही. ती चष्मेवाली मुलगी उठून म्हणाली, "सर, नाही समजलं." तिच्यामागून आणखी दोघं उठले. सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये आले तेच मुळी हसत, आणि आपण नापास झाल्याची बातमी त्यांनी सगळ्यांना पेढा दिल्यासारखी सांगितली.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे रायपूरला निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी येईपर्यंत ते रूळ उन्हात किती वाढतात ते मला विचारत होते आणि मी अंदाजाने काहीबाही सांगत होतो. गाडी सुटली. रिकाम्या फलाटावरून परत येताना माझ्या लक्षात आलं, की हा माणूस भेटेल त्याला काही ना काही विचारत राहिला. घर सोडताना त्याला कसं वाटतंय, एवढं त्याला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. मीही विचारलं नाही. आणि माझं घर तर भिंतीपलीकडे होतं.