बाईंची फरशी कुणामुळे तापली
पाववाल्याच्या मते जगात कुठलीच गोष्ट त्याच्यामुळे बिघडत नसे. पाव करपला तर दोष पिठाचा, दूध उतू गेलं तर दुधाचा. बायको होती तोवर ती त्याला सरळ करी. ती गेल्यावर गडी मोकाटच सुटला.

बेकरीच्या वरच्या खोलीत भूगोलाच्या निवृत्त बाई राहत, एकट्याच. त्यांच्यावर पाववाल्याचा जीव जडला होता आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण हा तोंड उघडेल तर शपथ. रोज संध्याकाळी ताजा पाव द्यायच्या निमित्ताने वर जाई आणि भूगोल ऐकत बसे.

मग यानं खाली दुप्पट मोठी भट्टी बसवली आणि बाईंची फरशी तापायला लागली. बाई घरातही चपला घालून, त्याही उड्या मारत वावरू लागल्या.

"भट्टीचं काही नाही हो," पाववाला म्हणाला. "हवामानच बदललंय. सूर्य तापलाय."

"सूर्य कमीजास्त होतो, खरंय. पण इतक्यात तो काही वाढलेला नाही."

दुसऱ्या दिवशी हा ज्वालामुखी घेऊन हजर. बाई म्हणाल्या, मोठा ज्वालामुखी फुटला की त्यातून उडालेला धुरळा ऊन अडवतो, पृथ्वी वर्ष-दोन वर्षं उलट गार पडते. मग यानं पृथ्वीचा आस धरला. "कलतो ना तो?"

"कलतो. हजारो वर्षांत. माझी फरशी गेल्या महिन्यापासून तापलीय." बाईंनी पाय वर घेतले. "आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो, त्यातून निघणाऱ्या वायूची पृथ्वीवर गोधडी होते आणि ऊब आतच कोंडते. निसर्गाची कारणं आहेतच, पण आत्ताचा हा ताप माणसानं केलेला. इथं तर तो माणूसही मला माहीत आहे."

एवढं ऐकून हा बाबा समुद्राच्या प्रवाहांची चौकशी करू लागला. आता काय करावं याचं? कबूल केलं तर भट्टी हलवावी लागणार, आणि जागा एकच होती, मागची त्याची झोपायची खोली.

शेवटी बाईंनी कायमचं बहिणीकडे जायचं ठरवलं. टेम्पो दाराशी लागला. कपाट चढलं, पृथ्वीचा गोल चढला, बाई जिना उतरू लागल्या. पाववाला जिन्याच्या तोंडाशी आडवा आला.

"माझ्यामुळेच तापली," तो म्हणाला. "सूर्य नाही अन् काही नाही. मी. बाई, तुम्ही गेलात तर मला करमायचं नाही. भट्टी मागे नेतो, माझ्या खोलीत."

बाई थांबल्या. "आणि तुम्ही झोपणार कुठे?"

याचा विचार पाववाल्यानं केलाच नव्हता. तो मदतीसाठी टेम्पोवाल्याकडे बघू लागला. टेम्पोवाल्यानं मान फिरवली.

बाई तिथंच पायरीवर बसल्या. कान लाल झाले होते, आवाज मात्र वर्गातलाच.

"तुमची खाट वर आणा," त्या म्हणाल्या. "आधी जिन्यातून मावते का, तेवढं बघा."

पाववाला माप घ्यायला आत पळाला आणि टेम्पोवाला कपाटाचे दोर सोडू लागला.