नायट्रोजनच्या डोक्यावरचे दोन ठिपके

"साहेबांसमोर शोभा झाली, बाई. अमोनियाला सहाच ठिपके?"

"मी आठ काढले होते, सर."

"मग दोन उडून गेले असतील."

विठ्ठलवाडीच्या शाळेत तपासणीच्या दिवशी चांगदेव सर आणि शुभदाबाईंचं हे भांडण झालं, तेव्हा सुहासिनी बादली घेऊन दाराबाहेरच उभी होती. नवरा गेल्यावर शिपाईबाई म्हणून लागली, त्याला जेमतेम आठवडा झालेला. तिची स्वतःची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण स्वच्छतेची भारी हौस, आणि तीच नडली. शुभदाबाईंनी आदल्या दिवशी फळ्यावर अमोनिया काढून कोपऱ्यात 'पुसू नये' लिहिलं होतं. मधे एन, तीन बाजूंना एच, एन आणि प्रत्येक एचच्या मधे दोन-दोन ठिपके. ते हिने पुसलेच नाहीत. पण एनच्या डोक्यावर आणखी दोन होते, पलीकडे अक्षर ना काही. खडूचे शिंतोडे समजून पदराच्या टोकाने टिपले.

त्या दिवसापासून सर आणि बाई एकमेकांशी बोलेनासे झाले. टेबल मात्र दोघांत एकच. सोळा वर्षं निरोप सुहासिनीने पोचवले.

"मावशी, बाईंना सांगा, खडू संपले."

बाई तीन हातांवर, सगळं ऐकून बसलेल्या. तरी ही वळसा घालून जायची आणि सांगायची.

एकदा तिने बाईंना हळूच विचारलं, "ते वरचे दोन कुणाचे हो?"

"नायट्रोजनचेच. पाच घेऊन आला, त्यातला एकेक तीन हायड्रोजनशी जोडीला लावला. दोन स्वतःपाशी राहिले. कुणाशी वाटले नाहीत, म्हणून काय मोजायचे नाहीत?"

त्या दुपारी तिला डबा गेला नाही. सांगावं तर नोकरी कच्ची. ती पक्की झाली, तोवर गप्प राहिल्याचीच लाज वाटायला लागली.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन मोहने गावातल्या घरी निघायच्या आधी ती टेबलापाशी आली.

"ते दोन ठिपके मी पुसले. कचरा वाटला मला."



"मावशी, सोळा वर्षं?" शुभदाबाईंनी चष्मा काढला.

"पहिल्यांदा भीती, बाई. मग लाज."

चांगदेव सर खिडकीकडे बघत होते. घसा खाकरून म्हणाले, "मावशी, बाईंना सांगा, ठिपके होते. चूक माझी."

सुहासिनीने नारळ खाली ठेवला, टेबलाला वळसा घातला आणि बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, सर म्हणतायत, ठिपके होते. चूक त्यांची."