डेलागोवाला गेलेले आतोबा

आत्याला घेऊन मी डहाणूच्या एका सेवा केंद्रात गेले तेव्हा ती पंच्याऐंशीची होती. ज्येष्ठांसाठीच्या कुठल्याशा योजनेचा अर्ज भरायचा होता. संगणकावर बसलेल्या बाईंनी नाव, वय, मसोलीचा पत्ता, सगळं भरलं आणि विचारलं, "विवाहित की विधवा?"

"लग्न झालंय," आत्या म्हणाली.

"मिस्टर आहेत?"

"आफ्रिकेत गेलेत."

"कधी?"

"पंचावन्न साली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्याहून फारसं मलाही ठाऊक नव्हतं. "दोन्हीपैकी एक टाकावंच लागतं, मॅडम. नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही," त्या समजुतीने म्हणाल्या. आत्याने पिशवी उचलली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. अर्ज तसाच राहिला.

मी तीस वर्षं बोर्डीला शाळेत इतिहास शिकवला. गोवा, दमण, दादरा-नगर हवेली यांच्या मुक्तीचा मजकूर पुस्तकात जेमतेम पानभर होता. तो मी दरवर्षी मोठ्या आवाजात वाचून घेत असे, आणि वाचून झाला की मुलांना बाबांची गोष्ट सांगत असे. आत्याची गोष्ट त्याच पानावरची होती, पण ती मी कधी सांगितली नाही. ती त्या पानावरची आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. तरुणपणी ते तलासरीला लाकडाच्या वखारीत कारकून होते. वखारीपासून काही मैलांवर नगर हवेलीची हद्द, आणि हद्दीपलीकडे फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य. देश स्वतंत्र होऊन सात वर्षं होत आली होती. आमच्या बाजूच्या वारल्यांनी वेठ त्याआधीच मोडून काढली होती. पलीकडे मात्र ती चालूच होती. मालकाच्या शेतावर फुकट राबायचं, जंगलातलं लाकूड फुकट ओढायचं, नाही म्हटलं की मार खायचा. पलीकडची माणसं पाहुण्यारावळ्यांकडे तलासरीला यायची, इकडचं बघायची आणि परत जायची.

बाबा सांगायचे, एकदा वखारीत एक माणूस आला. पाठ फुटलेली. घरात पोर तापाने फणफणलं होतं म्हणून तो वेठीला गेला नाही, तर मालकाच्या माणसांनी त्याला झोडपलं होतं. बाबांनी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "तुमच्याकडे स्वातंत्र्य आलंय म्हणतात. मग ते हद्दीच्या दगडापाशीच का थांबलं?"

चोपन्न साली पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या हवेलीत शिरल्या, तेव्हा बाबा वखारीला कुलूप घालून त्यांच्याबरोबर गेले. शौर्य वगैरे काही नाही, असं ते स्वतःच म्हणत. त्यांच्या डोक्यावर तांदळाचं पोतं होतं. एका गावातल्या चौकीवर पोचले तर शिपाई आधीच पळून गेलेले. झेंडा दुसऱ्याच कुणीतरी बांधला, बाबांनी फक्त काठी धरली. पण ती काठी धरल्याचं समाधान त्यांना मरेपर्यंत पुरलं.

आत्याचं लग्न त्याच्या आदल्या वर्षी झालं होतं. सासर नानी दमणचं, नवरा, म्हणजे आमचे आतोबा, सुतार, गलबतं बांधणारे. आमचंही घर सुतारांचं, त्यामुळे दमणशी सोयरीक होणं नवलाचं नव्हतं. तेव्हा दमणला कुणी परदेश म्हणत नसे. आणि दमणची गलबतं ज्या सागाची होत, तो साग येई नगर हवेलीच्या जंगलातून.

हवेली सुटली आणि साग बंद झाला. दमण अजून फिरंग्यांकडेच होतं, तेव्हा इकडून तिकडे लाकूड जाणार कसं? पाठोपाठ हद्दीवर पहारे बसले, परवाने लागू लागले. आत्या तेव्हा आजीच्या आजारपणासाठी माहेरी आली होती, ती इकडेच अडकली. चार-पाच महिन्यांनी आतोबांचा निरोप आला म्हणून बाबा तिला नाक्यावर घेऊन गेले. आतोबा पलीकडे उभे होते, मधे पोलीस. ते म्हणाले, "काम राहिलं नाही. मी डेलागोवाला जातोय. दोन वर्षांत बोलावून घेतो." डेलागोवा म्हणजे मोझांबिकमधलं मोठं बंदर. तिथेही फिरंग्यांचंच राज्य, आणि दमणची कितीतरी माणसं आधीपासून तिथे होती.

"मी काय बोलणार? शेजारी पोलीस उभा. डबा दिला आणि आले," आत्या एकदा मला म्हणाली होती. एवढंच. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल.

पत्रं येत. आतोबांना मराठी लिहिता येत नव्हतं, ते गुजरातीत लिहीत आणि बाबा वाचून दाखवत. इकडे पोर्तुगालने भारताला थेट जगाच्या कोर्टात खेचलं. त्यांचं म्हणणं, दमणहून हवेलीत जायला आम्हाला वाट द्या. खटला काही वर्षं चालला. अखेर निकाल लागला की साध्या माणसांना आणि मालाला त्या वाटेचा हक्क होता, फौजेला नव्हता, आणि भारताचं काही चुकलं नाही. बाबांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. आत्याने विचारलं, "साधी माणसं म्हणजे मी पण का रे, दादा?"

बाबा हसले आणि पुढची बातमी वाचायला लागले. हे मला माझ्या आईने सांगितलं. तिला ते हसणं आवडलं नव्हतं.

एकसष्ट साली गोव्याबरोबर दमणही सुटलं. बाबांनी आळीत पेढे वाटले. आत्यानेही वाटले, कारण आता सासर परदेश राहिलं नव्हतं. पण तिचा नवरा परदेशात होता, आणि तो देश आता शत्रूचा झाला होता. भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध तुटले. त्यानंतर नैरोबीच्या कुणा दुकानदारामार्फत फिरून दोन पत्रं आली आणि मग काहीच आलं नाही. मी त्याच सुमारास जन्मले. मला आठवते ती आत्या कुंकू लावून सकाळी फुग्यांच्या कारखान्यात जाणारी, संध्याकाळी हाताला रबराचा वास घेऊन येणारी. तिला सासरी का जात नाहीस असं विचारायचं नाही, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून कळत होतं.

सेवा केंद्रातून परतल्यावर मी ठरवलं की आता शोध घ्यायचा. बाबा जाऊन वीस वर्षं झाली होती, दमणच्या सासरचंही कुणी उरलं नव्हतं. वापीला उतरून मी दमणला गेले. तिथे आज घरटी कुणीतरी पोर्तुगालच्या कागदांमागे असतं. फिरंग्यांच्या काळात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना ते नागरिकत्व मिळतं आणि त्यावर तरुण पोरं परदेशी कामाला गेली. अशी कागदपत्रं करून देणाऱ्या एका माणसाकडे मी गेले.

"तुम्हाला पासपोर्ट पाहिजे ना, बेन?" त्याने विचारलं.

"नाही. एक माणूस जिवंत आहे की नाही, तेवढं पाहिजे."

"असं कोणी विचारत नाही," तो म्हणाला आणि आतोबांचं नाव लिहून घेतलं.

सात महिन्यांनी त्याचा फोन आला. लिस्बनहून आतोबांच्या नोंदीचा उतारा आला होता. मी पुन्हा दमणला गेले, तेव्हा त्याने मला एकेक ओळ समजावून सांगितली. जन्म दमण. लग्न दमण, बायको म्हणून आत्याचं नाव. दुसऱ्या लग्नाची नोंद नाही. मृत्यू लिस्बनजवळच्या एका गावात, पंचवीसेक वर्षांपूर्वी. मृत्यूची खबर देणारी व्यक्ती: मुलगी.

शेवटच्या शब्दावर त्याने बोट ठेवलं. मी त्यालाच तिचा नंबर काढायला सांगितलं.

ती साठीच्या आसपासची निघाली. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करत होती. आम्ही गुजरातीत बोललो. तिचं गुजराती जुनं, आफ्रिकेत शिकलेलं, मधेच पोर्तुगीज शब्द. मी कोण ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण पप्पांनी तर सांगितलं होतं की ती बाई वारली. माझ्या जन्माच्या आधीच."

"ती आत झोपलीये," मी म्हटलं.

मग तिने सांगितलं. तिची आई तिथलीच, मोझांबिकची. पंचाहत्तरला मोझांबिक स्वतंत्र झालं तेव्हा फिरंग्यांचे कागद असलेल्या लोकांनी पळ काढला, त्यात हेही होते. आईने आपला देश सोडायला नकार दिला आणि ती मागे राहिली. बाप आणि मुलगी दोन पेट्या घेऊन लिस्बनला उतरले. गलबतं बांधणारा माणूस तिथे इमारतींच्या फळ्या ठोकत राहिला. "पप्पा म्हणायचे, जिथे स्वातंत्र्य येतं तिथून मला निघावं लागतं," ती म्हणाली. तिने ते हसत सांगितलं नाही.

आत्याला सांगावं की नाही, यात माझे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. मृत्यू, मुलगी, मुलीची आई. आत्या वारली असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं, तेही. आत्याचे हात थांबले नाहीत.

"मुलगी कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी वाटली. साधी."

"त्यांच्यासारखी दिसते का?"

"मी आतोबांना पाहिलं कुठे, आत्या?"

"हो, तेही खरंच." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते येऊ शकत होते. मला ठाऊक होतं."

मला वाटलं तिचा गोंधळ झालाय. पण ती सावकाश, नीट सांगत गेली. दमण सुटल्यावर मोझांबिकमधल्या फिरंग्यांनी तिथल्या हिंदी, म्हणजे भारतीय लोकांवर राग काढला. दुकानं बंद केली, माणसं तारेच्या कुंपणात डांबली आणि काही महिन्यांनी बोटीत बसवून परत धाडली. त्यात उमरगावकडचा एक शिंपी होता. तो परत आल्यावर पत्ता शोधत घरी आला. बाबा कामावर होते.

"तो म्हणाला, तुमचे मिस्टर दर रविवारी तारेपाशी रोटले घेऊन यायचे. ते बाहेर, आम्ही आत. मी त्यांना म्हटलं, तू पण सांग ना, मी हिंदी आहे म्हणून. तुलाही आत घालतील आणि आमच्याबरोबर घरी पाठवतील. तर ते म्हणाले, माझ्या कागदावर पोर्तुगीज लिहिलंय. आणि मान खाली घालून निघून गेले."

"मग हे तू बाबांना का नाही सांगितलंस?"

"दादाला? त्याच्या मनाला लागलं असतं. लाकूड आपणच थांबवलं, असं घेऊन बसला असता तो."

"तुला वाटलं होतं तसं?"

"वाटलं. कितीदा तरी वाटलं." तिने सोललेले दाणे एका बाजूला सारले. "पण लग्नानंतर मी एकदा हवेलीतून गेले होते ना, सासऱ्यांबरोबर, लाकूड बघायला. ओंडके ओढणाऱ्या बायका पाहिल्या. खांदे सोललेले. एकीच्या पाठीला तान्हं पोर. दादा गेला ते बरोबरच होतं. फक्त मला कुणी काही विचारलं नव्हतं."

त्या दिवशी तिने कुंकू पुसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लावलं नाही. अंघोळ करून तशीच बाहेर आली आणि चहा मागितला. मी विषय काढला नाही. मुलीशी बोलायचंय का असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने नको म्हटलं. रागाने नव्हे. "मी मेलेली आहे तिच्यासाठी. आता उगीच कशाला," एवढंच म्हणाली.

आत्या त्यानंतर सव्वा वर्ष जगली. हळूहळू जेवण कमी झालं, मग बोलणं. मार्चमध्ये एका दुपारी ती गेली. स्मशानात आम्ही चारच माणसं होतो.

चौथ्या दिवशी मी लिस्बनला फोन लावला. पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते, ते थांबले. ती बाहेर मोकळ्यात आली असावी, कारण वारा ऐकू येऊ लागला. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. मग अडखळत विचारलं, "बेन, मी सुतक पाळू का? माझा तसा हक्क आहे का, मला माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं. विचारावं असं घरात मोठं कुणी उरलं नव्हतं.

"पाळ," मी म्हटलं.

किती दिवस पाळायचं, काय खायचं, काय नाही, ते तिने विचारलं आणि एकेक लिहून घेतलं.