दहावा माणूस

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आणि तो लिव्हरपर्यंत गेलाय," डॉक्टर म्हणाले. याला मेटास्टॅसिस म्हणतात, म्हणजे रोग मूळ जागेवरून दुसरीकडे पसरणं. "ऑपरेशनचा उपयोग नाही."

आमच्या ह्यांनी नुसती मान हलवली. उरणच्या प्लांटमधून रिटायर झालेला शांत माणूस. बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाले, "माझ्या वेळी दहा जण होतील का गं?"

मला संताप आला. डॉक्टरांना विचारायचं सोडून हे काय विचारताय?

आम्ही कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. गेलेल्या माणसासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. बायका धरत नाहीत. पनवेलमधली आमची बरीचशी घरं इस्रायलला गेली, आमचा मुलगाही गेला. त्यामुळे कुठेही एक कमी पडला की फोन ह्यांना. पेण असो, अलिबाग असो, हे भरल्या पानावरून उठायचे. मी करवादायचे, साऱ्या जगाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का? तर म्हणायचे, "रडायला एकटा पुरतो गं. शेजारी कुणी उभं राहावं म्हणून तर माणसं एकत्र राहायला लागली असतील."

केमो सुरू झाली, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध. खालच्या मजल्यावरचे म्हात्रे दर खेपेला गाडी काढायचे. भेटायला येणारे सांगायचे, दुःख माणसाला शिकवतं. मला काही शिकवलं नाही बाई. मी उलटीचं भांडं धरून बसायचे, एवढंच. तुमच्या घरी असं आजारपण आलं तर हातपाय गळतील. गळू देत. त्यावर उपाय मला तरी सापडला नाही.

शेवटी डॉक्टरांनी केमो थांबवली. आता पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं करायचं सोडून फक्त वेदना कमी ठेवायच्या. आम्ही घरी आलो.

आणि आमच्यातल्याच सॅमसनचा फोन आला. "काकी, आईला जाऊन वर्ष होतंय, कद्दिशला नऊच होतायत." मी नाही म्हणणार, तेवढ्यात हे पलंगावरून म्हणाले, "सगळ्यांना इथंच बोलाव."

आले सगळे. डोक्यावर टोप्या घालून पलंगाभोवती उभे राहिले. सर्वांचं म्हणून झाल्यावर ह्यांचं बारीक "आमेन" ऐकू यायचं. त्या दिवशी हे इतके खूश होते की चमचाभर मलिदा, म्हणजे आमचे गोड पोहे, खाल्ला. मी मात्र स्वयंपाकघराच्या दारातून मोजत होते. ह्यांना धरून दहा. ह्यांना वगळलं की नऊ.

म्हात्रे खुर्च्या द्यायला आले होते. सगळं बघून मला हळूच म्हणाले, "वैनी, तवा दहावा मी उभा रायलो तर नाय चालणार?"

ह्यांना पलंगावर ऐकू गेलं. ह्यांनीच उत्तर दिलं. "मोजणीत नाही धरता येणार रे तुला." धाप लागली म्हणून थांबले. "पण ये. उभा राहा."

हल्ली सगळे म्हणतात, काही लागलं तर सांगा. मी सांगते, फोन चालू ठेवा. दहावा अजून मिळालेला नाही.

काल म्हात्रे विचारून गेले, डोक्यावर टोपी कोणती घालायची.